कपाशी पेटीत काहून जात नाही

गणेशपेठ, नागपूर
ता. २ मे १९७८

ताई, तू म्हणली होती का मांजर माणसापेक्षा साफ असते, आपली घाण आपण झाकते, तुले काही पाहा लागणार नाही. हे तुझेच शब्द आहेत. संक्रांतीले तिळाचे लाडू वळता वळता तू बोलली आणि भाऊजी साक्षीले होते (ते नुसते हसले, तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं). तर तुझ्या त्या साफ मांजरीनं पहिल्या आठवड्यात माझी उशी भिजवली, दुसऱ्या आठवड्यात धुतलेली पँट, तिसऱ्यात चुलीतली राख, आणि झाकलं काहीच नाही. झाकणं मीच करून राहिलो. त्याच्यावर तू मागच्या पत्रात लिहितं का लहानू, एवढंसं पिल्लू तुले सांभाळता येत नाही तर बायको काय सांभाळशील. ताई, बायकोले रेतीच्या पेटीत बसवा लागत नाही.

हां, नमस्कार राहूनच गेला. रागात लिहाले बसलो म्हणून कागदावर राहिला, मनात होता. तुले आणि भाऊजीले पाया पडतो. भाऊजीचा गुडघा वर चढतानी दुखते का खाली उतरतानी, ते नीट विचारून कळव, इथं एक तेल मिळते, पण ते फक्त उतरणाऱ्या दुखण्यावर चालते म्हणतात. कपिला व्याली असेल तर गोऱ्हा का कालवड तेही लिही. मी इकडे मजेत आहे, म्हणजे ऊन असं आहे का कवेलूच्या छपराखाली भाकर तव्याशिवाय फुगेल, पण तब्येत चांगली. (शुद्धलेखन पाहू नको. चौथीपर्यंत जेवढं शिकलो तेवढंच अजून पुरवून वापरून राहिलो.)

आता मुळापासून सांगतो, कारण तू शेजारणीयले अर्धंच सांगतं, आणि अर्ध्यात मी पुरा मूर्ख ठरतो. पुरं सांगितलं तर अर्धाच ठरीन.

संक्रांतीच्या दिवशी तू माझ्या सहा वर्षांच्या नोकऱ्या बोटावर मोजल्या. यवतमाळची जिनिंग, वर्ध्याचं हॉटेल, बल्लारशाची लाकडं, भुसावळचा गॅरेजवाला, पुन्हा वर्ध्याचं दुसरं हॉटेल, इथं तुझा एक हात संपला आणि तू दुसरा काढला. मग तू माझ्या ट्रंकेतला चहाचा डबा काढून भाऊजीसमोर ठेवला. त्या डब्यात मी पुढच्या गावचं भाडं ठेवतो हे घरात सगळ्यायले माहीत आहे, पण तो असा पंचायतीत ठेवाची गरज नव्हती. तू म्हणली, जोवर हा डबा भरलेला आहे तोवर मी शामलाच्या बापासमोर, शालिकरामजीसमोर, तुझ्यासाठी तोंड उघडणार नाही, ज्याचं भाडं तयार त्याले कोणी पोरगी देत नाही. मग तूच तोड काढली. हे पांढरं पिल्लू घे, आखाजीच्या सणापर्यंत एका कामावर, एका खोलीत राहून सांभाळून दाखव, मग मी शामलासाठी शब्द टाकते. मी लगेच हो म्हणलं. (खरं सांगू, त्याच वेळी शामला अंगणातून घागर घेऊन चालली होती आणि मी काय कबूल करून राहिलो याच्याकडे माझं ध्यान नव्हतं. घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा समजलं.)

आता ज्या खोलीत राहतो ती पार्वतीबाईची. नवरा वारल्यावर तिनं घराच्या तीन खोल्या किरायानं दिल्या. बाई मनानं चांगली आहे, पण ते मन जिभेच्या बरंच मागं राहते. उंदरायच्या पायी तिनं मांजर ठेवू दिली, आणि बोट उगारून सांगितलं का माझ्या घरात घाण दिसली तर मांजरीले नाही काढणार, तुले काढीन. म्हणजे समज ताई, मांजरीनं घाण केली का खोली जाते, खोली गेली का तुझी अट मोडते, अट मोडली का शामला जाते. माझा सगळा संसार, जो अजून झालाच नाही, तो या मांजरीच्या शेपटीले बांधलेला.

म्हणून मी तिच्यासाठी बंदोबस्त असा केला का पाहणाऱ्यानं पाहत राहावं. तुले माहीत आहे, मी संत्रा मार्केटात पेट्या भरतो. धानाचं तनस अंथराचं, संत्रं लावाचं, वर फळी ठोकाची. आता नागपुरात गरीब माणूस सगळं संत्र्याच्या पेटीतूनच करते. पेटीची खुर्ची, पेटीचं देवघर, रुपरावच्या पोराले (रुपराव म्हणजे माझ्या बाजूच्या खोलीतला, छापखान्यात आहे, बायकापोरं गावाले) तो लहान होता तेव्हा पाळणाही पेटीचाच होता. तर मांजरीलेही पेटी. मी मृगबहाराच्या संत्र्याची नुकतीच रिकामी झालेली पेटी निवडली, जिच्या फळीतून अजून गोड वास येऊन राहिला होता. एक बाजू कापून ठेंगणी केली, कडा घासल्या का पायात सळ जाऊ नये, आणि गल्लीत घर बांधून राहिले तिथून चौकीदाराले विचारून कन्हान नदीची रेती आणली, चाळून. ताई, मले स्वतःले राहाले चालली असती अशी पेटी.

कपाशीनं (नाव तूच ठेवलं, म्हणून तेच चालवून राहिलो) पेटीपाशी येऊन नाक लावलं. मग नवरदेवाची आत्या चहात साखर कमी लागली का जसं तोंड करते तसं तोंड केलं, चारही पाय एकेक करून झटकले, आत ठेवला एकही नव्हता तरी झटकले, आणि सरळ माझ्या उशीवर जाऊन बसली. पुढचं तुले सांगितलं.

मले वाटलं पेटी तिले मळकी वाटली असेल. आमच्या मार्केटात कोणताही वास काढाचा एकच उपाय, संत्र्याची साल. हाताले साल, मोरीले साल, जोड्याले साल, आमचे अडतदार तर डोक्यालेही लावतात. मी साल घेऊन पेटी आतूनबाहेरून अशी घासली का लाकूड चमकाले लागलं. रेती बदलली. दुसऱ्या दिवशी कपाशी पेटीच्या दोन हात दुरूनच वळली. मी म्हणलं, अजून मळकी. पुन्हा घासली. ती जितकी टाळे तितकी मी घासो. शेवटी शेवटी तर ती पेटी पाहिली का भिंतीच्या कडेकडेनं जाये, सावकाराच्या दारावरून जावं तशी.

रुपरावनं सांगितलं का पिल्लाले मायनं शिकवलं नसंल, तू शिकव. पटलं मले. एका रविवारी सकाळी मी पेटीसमोर उकिडवा बसलो, दोन्ही हातानं रेती उकरली, आणि मागं टाकून झाकून दाखवलं. कपाशी बाजेवर बसून पाहून राहिली, तपासणीले आलेल्या साहेबासारखी. मी तोंडानंही आवाज करून राहिलो होतो, जसा लहान लेकराले करतो तसा. तेवढ्यात दारात सावली पडली. पार्वतीबाई किराया मागाले आली होती. तिनं मले पाहिलं, पेटी पाहिली, आणि आल्या पावली परत गेली. (त्या महिन्यात किराया मागाले ती पुन्हा आलीच नाही, मीच लाजून नेऊन दिला.)

हे सगळं मी हसत सांगून राहिलो, पण एक गोष्ट हसाची नव्हती. कपाशी माझ्याजवळ येत नव्हती. दूध मी द्यायचो, भाकर कुस्करून मी द्यायचो, रात्री पाऊल पडू नये म्हणून कंदील बारीक करून मी ठेवायचो, आणि बाईसाहेब जाऊन बसायच्या रुपरावच्या मांडीवर, जो तिले एक घास देत नाही. मी मार्केटातून येऊन हात पुढं केला का ती अंग चोरून मागं सरके. खोटं कशाले सांगू, मले वाईट वाटलं. वाटलं, हिलेही दिसलं असंल का हा थांबणारा माणूस नाही, याच्याशी कशाले जीव लावाचा.

मग ती तुळस झाली. म्हणजे, कपाशीनं तुळशीच्या कुंड्यात केलं. भरदुपारी, पार्वतीबाई समोर गहू निवडत बसली असतानी. आणि तिथं मात्र उकरून, झाकून, पद्धतशीर केलं. पार्वतीबाईनं मले मार्केटातून बोलावून घेतलं. म्हणली, "काहून गा लहानू, माझ्या मालकानं लावलेली तुळस आहे ते. आता एक वेळ, फक्त एक वेळ अजून झालं, तर तू, तुझी महाराणी अन् तिचं ते लाकडाचं सिंहासन, तिघंही रस्त्यावर." मी म्हणलं, हो. दुसरं काय म्हणणार, तिचं खरंच होतं.

त्या दिवशी मी डबा काढला. सुरतेचं भाडं आणि वर चार दिवसाचं खाणं निघेल एवढं होतं, झाकण न उघडता नुसतं हलवून समजते मले. कपाशी उंबरठ्यावर बसली होती, माझ्यापासून मोजून तीन हात. तिले घेऊन सुरतेले जाता येत नव्हतं. तिले टाकूनही जाता येत नव्हतं. डबा ठेवून दिला आणि तुळशीची माती बदलाले गेलो.

आणि अशा वेळी तू शालिकरामजीले पाठवलं. एक कार्ड टाकायचं होतं, ताई. दार उघडलं तर समोर शामलाचे वडील, काखेत छत्री, हातात कापडाची पिशवी. मले वाटलं शिदोरी आहे, मी पुढं होऊन घेतली तर चांगलीच जड. माती होती. त्यायनं सांगितलं का विहिरीजवळच्या शेताची माती सरकारी ऑफिसात तपासाले आणली, ते लोक पाहून सांगतात कोणतं खत किती टाकाचं. शेताच्या नऊ जागी खड्डे करून माती घेतली, मिसळली, आणि शामलानं चाळली. पिशवीही तिनंच शिवली होती, तोंडाले निळी नाडी, आणि वर निळ्या दोऱ्यानं नाव काढलेलं, "विहिरीचं शेत". (मी ती नाडी जरा जास्त वेळ पाहिली. शालिकरामजी खोकलले.) त्यायनं पिशवी कोपऱ्यात ठेवली, तोंड उघडं ठेवलं, म्हणले थोडी ओल आहे, हवा लागू दे. त्यायले रात्री कामठीले मावसभावाकडे जायाचं होतं, म्हणून सकाळी पिशवी ऑफिसात पोचवाचं काम माझ्यावर टाकलं.

मी रात्रभर दोन वेळा देवाचं नाव घेतलं आणि मांजरीवर नजर ठेवली. तुले सांगतो, त्या दोन दिवसांत कपाशीनं खोलीत कुठंच घाण केली नाही. कुठं केली ते सध्या विचारू नको. सकाळी मी पिशवी घेऊन ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूनं पिशवी उघडली, नाक जरा मागं घेतलं, मले विचारलं का शेतात शेणखत टाकता काय. मी म्हणलं, भरपूर. त्यानं लिहून घेतलं.

शालिकरामजी संध्याकाळी कामठीहून परत आले. पार्वतीबाईनं नवा पाहुणा पाहून चहा पाठवला, मी मार्केटातली दोन मोठी संत्री काढून ठेवली. कपाशी त्यायच्या मांडीवर जाऊन बसली, पहिल्याच भेटीत (मी तोंड वळवून घेतलं). त्यायनं संत्र्याले नख लावलं, साल फाटली, आणि कपाशी मांडीवरून उडून थेट फळीवर. त्यायनं मुद्दाम साल तिच्याकडे केली तर तिनं डोळे मिटून घेतले. मग त्यायची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली.

"अगा, हे कोणासाठी?"

मी म्हणलं, हिच्यासाठी. रोज सालीनं घासतो.

ते असे हसले का चहा बशीतून सांडला. म्हणले, "अगा बाप्पा, मांजरीले संत्र्याचा वास म्हणजे आपल्याले मिरचीचा ठसका. आमच्या मावसभावाच्या बागेत मांजर पाय ठेवत नाही. अन् तू तिले तीन महिन्यापासून मिरचीच्या पोत्यात बस म्हणून राहिला."

मी पेटी पाहिली. मग माझे हात पाहिले, तीन महिन्याचे पिवळे पडलेले.

पेटी त्याच दिवशी रुपरावले देऊन टाकली. एक फुटकं घमेलं आणलं, त्यात साधी माती टाकली, कोपऱ्यात ठेवलं, आणि कपाशी तिथं अशी गेली जशी जन्मापासून तिथंच जात होती. मी आता मार्केटातून आलो का आधी राखेनं, मग रिठ्यानं हात धुतो, कोपरापर्यंत. चौथ्या दिवशी ती माझ्या मांडीवर आली. मी भाकर खात होतो, तर तसाच बसून राहिलो, वरण घ्यायलेही उठलो नाही. पार्वतीबाई आता तिले महाराणी न म्हणता कपाशी म्हणते.

आणि आता तुझं पत्र आलं, ज्याच्या पहिल्या अर्ध्यात तू मले शिव्या दिल्या आणि दुसऱ्या अर्ध्यात खुशखबर. मातीचा रिपोर्ट आला, त्याच्यात नत्र भरपूर निघालं, गावात एवढं कोणाच्याच शेतात नाही, ग्रामसेवकानं चावडीवर वाचून दाखवला, युरिया टाकाची गरज नाही असं लिहिलं आहे. शालिकरामजी म्हणून राहिले का माती तीच होती पण पोराच्या हातानं गेली म्हणून यश आलं, या पोराच्या हाताले गुण आहे, आखाजीले सुपारी फोडून घेऊ. ताई, हे मी तीन वेळा वाचलं. आखाजीले आठ दिवस आहेत. एक काम, एक खोली, एक मांजर, तिन्ही जागेवर आहेत. तुझी अट पुरी झाली. पिवळा सदरा धुवाले टाकला आहे.

भाऊजीले नमस्कार, लहान्यायले गोड पापे, कपिलेले एक मूठ हिरवं माझ्याकडून.

तुझा भाऊ
लहानू

ता. क. भाऊजीसाठी ते तेल घेऊन येतो, चढाचं असो का उतराचं, दोन्हीले लावून पाहू.

दुसरा ता. क. ताई, दाराची कडी लाव आणि मग हे वाच. तो रिपोर्ट विहिरीच्या शेताचा नाही. कपाशीचा आहे. त्या रात्री शालिकरामजी कामठीले गेल्यावर नाडी पाहता पाहता माझा डोळा लागला, आणि जागा झालो तेव्हा ती पिशवीत बसली होती. तीन महिन्यात पहिल्यांदा शहाण्यासारखी, उकरून, करून, झाकून. एक घडीभर मले तर आनंदच झाला. मग वर निळ्या दोऱ्यातलं नाव दिसलं. दिसलं तेवढं काढलं, बाकीचं पहाटे कवेलूवर वाळवलं. फेकून दुसरी माती भरावी असंही मनात आलं, पण शामलानं चाळलेली माती फेकाले हात होईना, आणि नागपूरची माती विहिरीच्या शेताची म्हणून द्यायलेही होईना. शालिकरामजी परत आले तेव्हा सांगणार होतो. पण ते पेटीवर हसून राहिले होते, माझ्यावर नाही, माझ्यासोबत, आणि मोठा माणूस माझ्यासोबत हसला असं फार दिवसानं झालं होतं. तेव्हा वाटलं, रिपोर्ट जसा येईल तसा येवो. पण हे नत्र मांजरीचं आहे. पेरणीच्या वेळी त्यायनं युरिया टाकला नाही तर कापसाची पऱ्हाटी पिवळी पडंल, आणि दोष शेताले लागंल. शेतानं काहीच केलं नाही.

तिसरा ता. क. म्हणून तुले काम सांगतो, आणि हेच सांगाले एवढं पत्र लिहिलं. वरचा ता. क. पहिले शामलाले वाचून दाखव, माती तिनं चाळली होती, तिले पहिले समजाले पाहिजे. ती हसली तर दोघी मिळून शालिकरामजीले सांगा. ती नाही हसली तरी सांगा. पण ती हसली का नाही हे मले पहिले कळव, सुपारीचं मागून.

शेवटचा ता. क. सोबत मनिऑर्डर केली आहे, ती शालिकरामजीले दे, विहिरीच्या शेताच्या युरियासाठी. घेत नसतील तर म्हण मांजरीची चूक आहे, मांजरीच्या मालकानं भरली. आखाजीले संत्र्याच्या रिकाम्या ट्रकवर बसून येईन, कपाशी रुपरावपाशी राहील, कारण ट्रकलेही तोच वास. चहाचा डबा आता उघडा आहे, कपाशी त्याच्यात तोंड घालून पाहून राहिली. डाकवाल्यापाशी सही करण्याआधी नोटा मोजून घे. ब्याऐंशी रुपये आहेत.